सावलीतील सदाहरित फळझुडपे : उरला परिसराच्या संदर्भात करवंदाचा अभ्यास



या पाठात आपण एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. बागेचा जो कोपरा सावलीत आहे, तेथे वर्षभर हिरवे राहणारे, काटक आणि फळ देणारे झुडूप लावता येईल का? रोपवाटिकेत विचारले तर "करवंद लावा, कुठेही येते" असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. करवंद सावलीत जगते. पण जगणे आणि फळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील फरक समजला नाही, तर तीन-चार वर्षे निगा राखून हाती फक्त हिरवे कुंपण येते.

अभ्यासासाठी आपण छत्तीसगडमधील रायपूर शहराला लागून असलेले उरला हे औद्योगिक क्षेत्र घेऊ. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि ओतकाम यांचा हा पट्टा आहे. येथे सावली दोन प्रकारची असते. एक भिंतीची, शेडची आणि झाडांची. दुसरी पानावर बसलेल्या धुळीची. आणि येथे एक तिसरा प्रश्नही उभा राहतो : फळ आले, तर ते खावे का?

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

१. सावलीचे प्रकार ओळखणे आणि भिंतीची सावली गणिताने काढणे.
२. सावलीत झुडपाचे फळ का कमी होते, ते सांगणे.
३. करवंदाची योग्य जागा, माती, लागवड आणि छाटणी ठरवणे.
४. करवंदासारखी वाटणारी विषारी झुडपे वेगळी ओळखणे.
५. औद्योगिक परिसरातील फळ खाण्याबाबत कारणे देऊन निर्णय घेणे.

१. करवंदाची ओळख

करवंदाचे शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरॅन्डास. कुळ अ‍ॅपोसायनेसी, म्हणजे कण्हेर, सदाफुली आणि सप्तपर्णी यांचेच कुळ. हिंदीत व छत्तीसगढीत त्याला करौंदा म्हणतात. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर जंगली करवंदाच्या जाळ्या असतात. त्यांचे फळ लहान असते. काही वनस्पतिशास्त्रज्ञ या जंगली करवंदाला कॅरिसा कंजेस्टा किंवा कॅरिसा स्पायनेरम या नावाने वेगळे धरतात. उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात विकायला येणारी 'डोंगरची काळी मैना' ती हीच. बागेत लावायचे मोठ्या फळाचे करवंद मात्र बहुधा कॅरिसा कॅरॅन्डास असते.

झुडूप साधारण २ ते ४ मीटर वाढते. पाने समोरासमोर, जाड, चामड्यासारखी आणि चकचकीत असतात. फांदीवर कठीण काटे असतात, त्यांतले काही टोकाशी दुभंगलेले असतात. पान किंवा कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, जाईसारखी सुवासिक. फळ आधी हिरवे किंवा गुलाबी-पांढरे, मग लाल आणि पूर्ण पिकल्यावर जांभळट काळे होते. कच्च्या फळाचे लोणचे व चटणी होते. पिकलेले तसेच खातात.

सुधारित वाणांपैकी दोन ठिकाणचे वाण लक्षात ठेवा. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण बोल्ड' आणि पंतनगर येथील गोविंद वल्लभ पंत विद्यापीठाचे 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' व 'पंत सुवर्णा'.

२. निसर्गात करवंद कोठे वाढते?

एखादे झाड सावली किती सोसेल हे ठरवण्याची पहिली पायरी म्हणजे ते रानात कोठे उगवते हे पाहणे. महाबळेश्वरच्या दाट सदाहरित जंगलात शिरलात तर आत करवंदाच्या जाळ्या विरळ होत जातात. त्या दिसतात जंगलाच्या कडेला, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, किल्ल्याच्या उघड्या उतारावर आणि कातळाच्या माळावर. जंगलाच्या आत, खोल सावलीत, अंजनीसारखी झुडपे असतात.

यावरून निष्कर्ष निघतो : करवंद हे जंगलाच्या कडेचे झुडूप आहे. कडेला दिवसाचा काही भाग सावली आणि काही भाग ऊन मिळते. म्हणून 'अर्धी सावली' त्याला चालते. दिवसभराची गडद सावली त्याला मारत नाही, पण फळूही देत नाही.

३. सावलीत फळ का कमी होते?

पान प्रकाशात अन्न तयार करते आणि श्वसनात ते खर्चही करते. प्रकाश कमी होत गेला की एक पातळी अशी येते, जिथे तयार होणारे आणि खर्च होणारे अन्न सारखे होते. या पातळीला भरपाई बिंदू म्हणतात. त्याच्या वर जे उरते ती झाडाची शिल्लक.

ही शिल्लक झाड क्रमाने वापरते. आधी पाने व मुळे जिवंत ठेवणे, मग नवी फूट, मग फुले आणि शेवटी फळ. फळ हा मोठा खर्च आहे, कारण त्यात साखर, आम्ल आणि बी भरायचे असते. शिल्लक थोडी असेल तर झाड हा खर्च टाळते. फुले येतच नाहीत, किंवा येऊन गळतात.

सदाहरित झुडपाला याचा एक फायदा आहे. त्याला दर वर्षी सगळी पाने नव्याने बनवावी लागत नाहीत, त्यामुळे कमी प्रकाशात ते तग धरते. सावलीतले पान मोठे, पातळ आणि गडद हिरवे होते. अशी पाने पाहून बागवान खूश होतो. पण गडद हिरवेपणा हे फळाचे लक्षण नव्हे; झाड प्रकाशाचा कण न् कण गोळा करण्याच्या प्रयत्नात असल्याची ती खूण आहे.

बागकामातील एक ढोबळ नियम असा : थेट ऊन सहा तास किंवा अधिक असेल तर भरपूर फळ, तीन-चार तास असेल तर थोडे फळ, त्याहून कमी असेल तर फक्त पाने.

४. भिंतीची सावली मोजणे

उरला परिसरात बहुतेक बागा कारखान्याच्या किंवा वसाहतीच्या आवारभिंतीला लागून असतात. समजा, भिंत पूर्व-पश्चिम आहे, उंची ३ मीटर आहे आणि आपली जागा तिच्या उत्तरेला आहे. ही सर्वांत अवघड जागा. येथे सावली किती लांब पडेल?

उरला सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मध्यान्हीची सूर्याची उंची काढण्याचे सूत्र :

सूर्याची उंची = ९० − (अक्षांश आणि सूर्याची क्रांती यांतील फरक)

सावलीची लांबी = भिंतीची उंची ÷ टॅन (सूर्याची उंची)

क्रांती म्हणजे त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. दक्षिणेकडची क्रांती ऋण धरायची. उदाहरणार्थ २१ डिसेंबरला क्रांती −२३.४ अंश असते. म्हणून फरक २१.३ + २३.४ = ४४.७ आणि सूर्याची उंची ४५.३ अंश. ३ मीटर भिंतीची मध्यान्हीची सावली जवळजवळ ३ मीटर. याच रीतीने :

• २१ डिसेंबर : सुमारे ३.० मीटर
• २१ जानेवारी : सुमारे २.६ मीटर
• २१ फेब्रुवारी : सुमारे १.९ मीटर
• २१ मार्च : सुमारे १.२ मीटर
• २१ एप्रिल : सुमारे ०.५ मीटर
• २१ जून : सावली दक्षिणेला पडते, सुमारे ०.१ मीटर

शेवटची नोंद लक्षपूर्वक पाहा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत येथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर सावलीत असलेली जागा ऐन उन्हाळ्यात उघड्या उन्हात येते. 'सावलीची जागा' हे वर्णन वर्षभर खरे नसते.

दुसरी गोष्ट. हिवाळ्यात मध्यान्हीला भिंतीपासूनची सावलीची रुंदी सर्वांत कमी असते. सकाळी व संध्याकाळी ती वाढते. म्हणजे वरचे आकडे डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी सर्वांत अनुकूल क्षणाचे आहेत. प्रत्यक्ष परिस्थिती त्याहून कठीण असते.

५. गणितावरून छाटणीचा निर्णय

करवंदाला फुलोरा साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत येतो. स्थान आणि वाण यांप्रमाणे यात फरक पडतो. कोकणातील जंगली करवंदे एप्रिल-मेमध्ये पिकतात, तर उत्तर भारतातील लागवडीत फळांचा हंगाम पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येतो. म्हणून फुलोऱ्याच्या तयारीचा काळ आणि भिंतीच्या सर्वांत लांब सावलीचा काळ एकमेकांवर येतात.

आता झुडूप भिंतीपासून १.५ मीटर अंतरावर लावले आहे असे समजा आणि दोन बागांची तुलना करा.

पहिल्या बागेत माळी झुडूप नेहमी ६० सेंटिमीटर उंचीवर कापतो. झुडपाच्या शेंड्याच्या वर भिंत २.४ मीटर उरते. २१ डिसेंबरला शेंड्याच्या पातळीवर सावली २.४ मीटर, २१ जानेवारीला २.१ मीटर आणि २१ फेब्रुवारीला १.५ मीटर. म्हणजे शेंड्याला मध्यान्हीचे ऊन फेब्रुवारीच्या शेवटी मिळू लागते.

दुसऱ्या बागेत झुडूप १.८ मीटरपर्यंत वाढू दिले आहे. शेंड्याच्या वर भिंत फक्त १.२ मीटर. २१ डिसेंबरलाही सावली १.२ मीटरच पडते. शेंडा १.५ मीटरवर आहे, म्हणून वर्षातील सर्वांत लहान दिवशीही त्याला मध्यान्हीचे ऊन मिळते.

रोप तेच, जागा तीच, माती तीच. केवळ उंचीमुळे मध्यान्हीच्या उन्हात सुमारे चार महिन्यांचा फरक पडला. शिवाय करवंदाची फुले फांद्यांच्या टोकाशी गुच्छाने येतात. कुंपण सारखे दिसावे म्हणून हिवाळ्यात कात्री चालवली, तर ऊनही जाते आणि फुलोराही जातो. म्हणून सावलीतील करवंदाचे दोन नियम : उंच वाढू द्या, आणि छाटणी फळे काढल्यानंतरच करा.

६. झाडाखालची सावली

भिंत फक्त प्रकाश अडवते. झाड प्रकाश अडवते आणि जमिनीतले पाणीही पिते. म्हणून झाडाखालच्या सावलीला 'कोरडी सावली' म्हणतात. बुंध्याला चिकटून लावलेले करवंद बहुधा प्रकाशाआधी पाण्यासाठी हरते.

कोणते झाड आहे हेही पाहावे. सप्तपर्णीची सावली बारा महिने दाट असते. कडुलिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडा काळ विरळ होतात. पळस पूर्ण पानगळ करतो. ज्या झाडाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये विरळ होतात, त्याच्या छायेच्या कडेला करवंदाला संधी आहे. छायेच्या कडेला म्हणजे वरच्या फांद्यांच्या टोकाखाली, बुंध्याजवळ नव्हे.

खोल सावलीसाठी करवंदाचा हट्ट सोडून दुसरी सदाहरित झुडपे निवडावीत. कुंती, जिला कामिनीही म्हणतात, अर्धी सावली चांगली सोसते. तिला पांढरी सुवासिक फुले आणि लाल फळे येतात. किरमिरा, म्हणजे ग्लायकॉस्मिस पेंटाफायला, जंगलाच्या तळाशी वाढणारे झुडूप आहे. त्याची फळे गुलाबी-पांढरी असतात. अंजनीला निळी-जांभळी फुले आणि काळपट फळे येतात, पण ती फार सावकाश वाढते आणि तिला दमट हवा मानवते. ही झुडपे शोभेसाठी आणि पक्ष्यांसाठी लावावीत.

७. दुसरी सावली : धूळ

स्पंज आयर्न बनवताना लोहखनिज, दगडी कोळसा आणि डोलोमाइट फिरत्या भट्टीत तापवतात. कच्चा माल फोडणे, वाहणे आणि भट्टीतून निघणारा वायू या सर्वांतून धूळ सुटते. रस्त्यावरच्या जड वाहनांची धूळ वेगळी. रायपूर पट्ट्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यानंतर पाने धुऊन निघण्याची सोय निसर्गाकडे फारशी नसते. हिवाळ्यात वारा मंद असतो आणि रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार हवेखाली अडकते. या तापमान व्युत्क्रमणामुळे धूर व धूळ खालीच राहतात.

म्हणजे सावली सर्वांत लांब, धूळ सर्वांत जाड आणि फुलोऱ्याची तयारी, या तिन्ही गोष्टी एकाच ऋतूत येतात. त्यांचा परिणाम बेरजेने नव्हे, गुणाकाराने होतो. समजा, सावलीतून ३० टक्के प्रकाश पानापर्यंत पोहोचतो आणि धुळीचा थर त्यातला २० टक्के अडवतो. तर पानाच्या आत ०.३० × ०.८० = ०.२४, म्हणजे २४ टक्के प्रकाश जातो. उन्हातल्या झाडाला २० टक्क्यांचे नुकसान परवडते, कारण त्याच्याकडे शिल्लक मोठी असते. सावलीतल्या झाडाची शिल्लकच थोडी. तीच धूळ त्याचे फळ घालवते.

उपाय अवघड नाही. ऑक्टोबर ते मे या काळात पंधरा दिवसांतून एकदा पानांवर पाण्याचा फवारा मारावा. वेळ सकाळची असावी, म्हणजे पाने दिवसा सुकतात. फुले उमललेली असताना जोराचा फवारा टाळावा.

८. प्रदूषण सोसण्याची क्षमता कशी मोजतात?

हरित पट्ट्यासाठी झाडे निवडताना 'वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांक' वापरतात. १९८३ मध्ये सिंग आणि राव यांनी मांडलेले सूत्र असे :

निर्देशांक = [अ × (ह + स) + प] ÷ १०

येथे अ म्हणजे पानातील अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम), ह म्हणजे एकूण हरितद्रव्य (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम), स म्हणजे पानाच्या अर्काचा सामू आणि प म्हणजे पानातील सापेक्ष पाण्याचे प्रमाण (टक्के).

सरावासाठी काल्पनिक आकडे घेऊ : अ = ४, ह = २, स = ६, प = ८०. तर ४ × (२ + ६) = ३२; ३२ + ८० = ११२; ११२ ÷ १० = ११.२.

या सूत्राकडे नीट पाहिले तर त्याची मर्यादाही दिसते. ते पान किती टिकेल याचा अंदाज देते. फळ किती येईल किंवा फळ सुरक्षित आहे का, यांबद्दल ते काहीच सांगत नाही. तसेच ऋतू आणि जागा बदलली की एकाच झुडपाचा निर्देशांक बदलतो. म्हणून तुलना एकाच जागेवरच्या, एकाच दिवशी गोळा केलेल्या पानांचीच करावी.

उद्योगांना पर्यावरण मंजुरी देताना सर्वसाधारणपणे जागेच्या ठरावीक भागावर हरित पट्टा राखण्याची अट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००० साली हरित पट्ट्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. अशा पट्ट्यात उंच झाडांच्या रांगांपुढे झुडपांची रांग लागते, कारण उंच झाडाच्या बुंध्यांमधून वाहणारी धूळ झुडपेच अडवतात. करवंद तेथे उपयोगी पडते : ते सदाहरित आहे, काटेरी असल्याने गुरे आत शिरत नाहीत, आणि त्याला पाणी कमी लागते.

९. माती आणि लागवड

छत्तीसगडच्या मैदानातील शेतकरी मातीचे चार प्रकार सांगतात. भाटा म्हणजे उंचावरची, लालसर, मुरमाड, पाणी न धरणारी माती. मटासी पिवळसर आणि मध्यम. डोरसा मटासी व कन्हार यांच्या मधली. कन्हार काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी.

करवंद भाटा जमिनीत उत्तम येते, कारण कोकणातल्या जांभ्याच्या कातळाशी तिचे साधर्म्य आहे. कन्हार जमिनीत अडचण पावसाळ्यात येते. करवंद दुष्काळ सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. तेथे एक-दीड फूट उंच वरंबा करून त्यावर रोप लावावे.

औद्योगिक भूखंडावर मात्र मूळ माती असेलच असे नाही. अनेकदा तेथे भट्टीची मळी किंवा राख टाकून भराव केलेला असतो. पोलाद भट्टीची मळी बहुधा अल्कधर्मी असते. म्हणून खड्डा खणताना माती पाहा आणि सामू तपासा. कृषी महाविद्यालयांच्या किंवा कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळांत ही सोय असते. रायपूरमध्येच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे.

लागवडीच्या पायऱ्या :

१. पूर्ण पिकलेल्या फळांचे बी काढून धुवावे आणि काही दिवसांतच पेरावे. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते. वर्षभर डबीत ठेवलेले बी उगवत नाही.
२. रोपे पिशवीत वाढवून पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावीत. ज्ञात वाण हवा असेल तर गुटी कलमाचे रोप घ्यावे.
३. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल घ्यावा. तळाशी शेणखत व माती यांचे मिश्रण भरावे.
४. दाट कुंपणासाठी दोन रोपांत ६० सेंटिमीटर ते १ मीटर अंतर ठेवावे. फळासाठी, विशेषतः सावलीत, २ मीटर किंवा अधिक ठेवावे. नाहीतर झुडपे एकमेकांवरच सावली धरतात.
५. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे व पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. रायपूरचा मे महिना ४२ अंशांच्या पुढे जातो. या एका वर्षात दुपारची सावली कोवळ्या रोपाच्या फायद्याची ठरते.
६. लागवडीनंतर साधारण तिसऱ्या वर्षापासून फळाची अपेक्षा करावी.

१०. विषारी झुडपांपासून सावधान

सावलीच्या कोपऱ्यात आणि कारखान्यांच्या बागांत आणखी काही सदाहरित झुडपे सर्रास दिसतात. त्यांची फळे खाणे धोक्याचे आहे.

पिवळी कण्हेर करवंदाच्याच कुळातली. तिलाही पांढरा चीक येतो. पण तिची पाने लांब व अरुंद असतात आणि तिला काटे नसतात. तिच्या बिया हृदयावर परिणाम करतात आणि जीवघेण्या ठरतात. ड्युरांटाची नारिंगी-पिवळी फळे लोंबत्या घोसांत येतात. त्याला काटे असू शकतात, पण चीक येत नाही. घाणेरीचे पान खरखरीत व उग्र वासाचे असते. तिची कच्ची फळे विषारी असतात.

करवंदासाठी तीन खुणा एकत्र पाहाव्यात : समोरासमोर चकचकीत पाने, कठीण काटे आणि पांढरा चीक. यांतली एकही कमी असेल तर फळ तोंडात घालू नये. तिन्ही जुळल्या तरी, झुडूप तुमच्या ओळखीचे नसेल, तर वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना फांदी दाखवून खात्री करावी. लहान मुलांना फळांचा रंग कळतो, पानांची मांडणी कळत नाही. म्हणून शाळा आणि वसाहतीच्या बागेत करवंदाशेजारी पिवळी कण्हेर लावूच नये.

११. फळ खावे का?

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. धूळ फळाला दोन मार्गांनी लागते. पहिला मार्ग वरून : सालीवर बसलेली धूळ. वाहत्या पाण्यात चोळून धुतली तर यातील बराच भाग जातो. पण करवंदाच्या देठाशी चिकट चीक असतो आणि त्यात धूळ घट्ट बसते. म्हणून देठाकडचा भाग काढून टाकावा. दुसरा मार्ग खालून : मातीत जड धातू असतील तर मुळांवाटे झाडात येऊ शकतात. हे धुऊन जात नाहीत, शिजवून किंवा मीठ लावूनही जात नाहीत.

यावरून निर्णयाचे तीन टप्पे करता येतात. भराव केलेल्या जमिनीवरचे किंवा भट्टीच्या आवारातले करवंद : पक्ष्यांसाठी आणि धूळ अडवण्यासाठी ठेवावे, माती व फळ यांची धातूंसाठी तपासणी झाल्याशिवाय खाऊ नये. मोठ्या रस्त्यालगतचे करवंद : तोच नियम. वसाहतीच्या आतले, मूळ मातीतले, रस्त्यापासून दूरचे करवंद : पाने नियमित धुतलेली असतील तर नीट धुऊन, देठ काढून वापरावे, तरी माती एकदा तपासून घेणे चांगले.

हा नियम कडक वाटेल. पण अशा परिसरात कुंपणावरची फळे तोडून खाणारा बहुधा तेथेच राहणारा कामगार किंवा त्याची मुले असतात. ते धूळ श्वासातून आधीच घेत असतात. त्यात भर घालणारे झुडूप आपण फळझाड म्हणून लावले, तर ती आपली जबाबदारी ठरते. म्हणून हरित पट्ट्यात लावताना ते फळासाठी आहे की धुळीसाठी, हे आधी ठरवावे आणि तसे सांगणारी पाटी तेथील लोकांच्या भाषेत लावावी.

सारांश

करवंद हे जंगलाच्या कडेचे झुडूप आहे. अर्ध्या सावलीत फळते, गडद सावलीत फक्त जगते. भिंतीची सावली ऋतूप्रमाणे बदलते आणि ती मोजता येते. उरला परिसरात लांब सावली, धूळ आणि फुलोऱ्याची तयारी एकाच काळात येते. झुडूप उंच वाढू देणे, फळानंतरच छाटणे आणि कोरड्या ऋतूत पाने धुणे हे तीन उपाय त्यावर आहेत. झुडूप प्रदूषण सोसते, म्हणून त्याचे फळ सुरक्षित ठरत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या गावाचा अक्षांश शोधा. २.५ मीटर उंच पूर्व-पश्चिम भिंतीची मध्यान्हीची सावली २१ डिसेंबर आणि २१ मार्च रोजी किती असेल? काठी उभी करून उत्तर पडताळा.

२. सावलीतील एका झुडपाजवळ सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता मोबाइलमधील प्रकाशमापकाने नोंदी घ्या. त्याच वेळी उघड्या जागेची नोंद घेऊन टक्केवारी काढा.

३. एकाच झुडपाची वीस पाने निवडा. आधी वजन केलेल्या ओल्या न केलेल्या टिपकागदाने वरची धूळ पुसून कागदाचे पुन्हा वजन करा. आलेख कागदावर पानांचे क्षेत्रफळ काढा आणि प्रति चौरस सेंटिमीटर धूळ सांगा. रस्त्यालगतचे आणि आतले झुडूप यांची तुलना करा.

४. "वायुप्रदूषण सहनशीलता निर्देशांक जास्त असलेल्या झुडपाचे फळ खाण्यास योग्य असते." हे विधान चूक का आहे, ते सात-आठ वाक्यांत लिहा.

५. भिंतीच्या उत्तरेला केवळ १ मीटर रुंदीची पट्टी उपलब्ध आहे. भिंत ३ मीटर उंच आहे. तेथे करवंद लावाल, कुंती लावाल की किरमिरा? पाठातील आकड्यांच्या आधारे कारण द्या.